गाडी दिसली की पोटात गोळा आला पाहिजे: क्राइम शॉर्टफिल्ममध्ये गाडीची दहशत कशी उभी करायची

आम्ही सांगलीत पहिली क्राइम शॉर्टफिल्म केली तेव्हा गुंडाच्या एंट्रीला काळी स्कॉर्पिओ आणली होती. मित्राच्या मामाची, दोन तास धुवून पुसून चकाचक केलेली. विश्रामबागला एका हॉलमध्ये फिल्म दाखवली, स्कॉर्पिओ धूळ उडवत वळणावर आली आणि पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. ज्या सीनला श्वास अडकायला पाहिजे होता तिथं लोक टाळ्या वाजवत होते, हिरो आला म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीत काहीच वावगं नव्हतं, आम्ही तिला रुबाब दिला होता आणि भीती द्यायची राहून गेली होती, आणि रुबाब वेगळा, भीती वेगळी हे डोक्यात शिरायला पुढं अजून दोन फिल्म गेल्या. आता जेवढं कळलंय तेवढं सगळं लिहितो, कारण आपल्याकडची पोरं मोबाईलवर लय भारी काम करायला लागलीत पण गाडी आली की अजून तीच धूळ, तोच स्लो मोशन, तेच ढिनच्याक म्युझिक.

पहिलं काम: गाडी निवडताना घाई करू नका

गाडी निवडायच्या आधी गोष्टीतला माणूस कशाला घाबरतो ते एका ओळीत लिहून काढा. "गुंडांना घाबरतो" असं लिहून काही उपयोग नाही. आमच्या तिसऱ्या फिल्मचं सांगतो. तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार, अवकाळीनं बाग गेली, खासगी सावकाराचे पैसे अंगावर. आता हा सावकार बिनलायसनचा. २०१४ च्या सावकारी कायद्यानं बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, म्हणजे हा बाबा कधी कागदावर काही लिहून देणार नाही, नोटीस पाठवणार नाही, फोनवर धमकीसुद्धा देणार नाही. मग तो काय करणार? गाडी पाठवणार. गाडी येऊन दारासमोर थांबली की समजायचं, तारीख जवळ आली. हे सुचलं त्या दिवशी माझी अख्खी फिल्म सुटली बघा. गाडी म्हणजेच नोटीस. तुमच्या गोष्टीतही गाडी कसलं तरी काम करत असली पाहिजे, नुसती गुंडांना इकडून तिकडं नेणारी गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग त्या कामाला शोभेल ती गाडी शोधा. काळी स्कॉर्पिओ नको असं मी का म्हणतो तर आपल्याकडं ती वरातीत असते, इलेक्शनला असते, इन्स्टाच्या रीलमध्ये असते, लोकांना ती आवडते. आवडत्या वस्तूची भीती बसवायला फार मेहनत पडते. त्यापेक्षा रोजच्या बघण्यातली गाडी घ्या. दुधाची पिकअप, वडापची जीप, वाळूचा डंपर, छोटा हत्ती, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. रात्री अकराला नदीकडच्या रस्त्यानं लाइट बंद करून जाणारा डंपर ज्यानं बघितलाय त्याला मी काही वेगळं सांगायची गरज नाही.

आम्ही जुनी पांढरी पिकअप घेतली, आणि गोष्टीत ती आधी नायकाच्या शेजाऱ्याची होती असं ठेवलं. शेजाऱ्याचा हप्ता थकला, सावकारानं ओढून नेली. म्हणजे गावातली पोरं ज्या गाडीच्या हौद्यात बसून जत्रेला गेलीत तीच गाडी आता वसुलीला येतेय. हॉर्न ओळखीचा, आत बसलेला माणूस अनोळखी.

काळ जुना असेल तर वर्षं तपासून घ्या, लोक लगेच पकडतात. सुमो १९९४ ला आली, बोलेरो २००० ला, स्कॉर्पिओ २००२ ला, छोटा हत्ती २००५ ला. अँबॅसडर २०१४ ला बंद झाली, ओम्नी २०१९ ला. ओम्नीचा सरकता दरवाजा म्हटलं की किडनॅपिंग हे हिंदी पिक्चरवाल्यांनी इतकं वापरलंय की आता तुम्ही वापराल तर लोक हसतील, त्यापेक्षा नकोच. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, त्यानंतरच्या गोष्टीत दाखवू नका.

दुसरं: गाडीची कुंडली मांडा

वहीचं एक पान गाडीला द्या. आधी कुणाची होती, कुठं ठोकली, कुठला दरवाजा आतून उघडत नाही, मागं काय लिहिलंय, काचेला काय लटकतंय. ह्यातल्या फक्त तीन गोष्टी प्रेक्षकाला द्यायच्या, एक डोळ्यासाठी, एक कानासाठी आणि एक वेळ. आमच्या पिकअपचा डावा हेडलाइट फुटून आत पाणी गेलेला, त्यामुळं तो पिवळट मंद जळायचा आणि उजवा बरा, म्हणजे लांबूनसुद्धा ती गाडी एक डोळा अधू असल्यासारखी दिसायची. कानासाठी फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या फळीची, साखळी. मागचा फाळका ढिला झाला की त्याची साखळी खड्ड्यात खण्ण करून आपटते, आणि वेळ म्हणजे संध्याकाळी दिवे लागायची.

मागच्या मजकुराकडं मात्र नीट लक्ष द्या, ही फुकटात मिळणारी गोष्ट आहे. धमकीचं काही लिहू नका, "नाद करायचा नाय" वगैरे लिहिलं की परत रुबाब आला. आमच्या गाडीवर आधीपासनंच "पुन्हा भेटू" लिहिलं होतं, लाल अक्षरात, शेजारी दोन कमळं. पहिल्यांदा दिसतं तेव्हा काहीच वाटत नाही, शंभर गाड्यांवर असतं ते. तिसऱ्या वेळी गाडी दारासमोरनं निघून जाते आणि जाताना तेच दोन शब्द दिसतात तेव्हा हॉलमध्ये एक बाई "अगं बाई" असं मोठ्यानं म्हणाली. आम्ही एक अक्षर बदललं नव्हतं.

तिसरं: गाडी किती वेळा आणि कशी दिसणार ते ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. गाडी पहिल्यांदा दिसते तेव्हाच ती भीतीदायक असली पाहिजे असं वाटतं आपल्याला. उलटं करा. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये गाडी पाच वेळा पुरे, आणि आमचा हिशोब असा होता.

पहिल्यांदा ती कामाची दिसली पाहिजे. दिवस फेब्रुवारीचे, द्राक्षाचे बॉक्स भरतायत, शेजारी गाडी चालवतोय, नायकाची पोरगी हौद्यात उभी राहून हात हलवतेय, साखळी खणखणतेय. प्रेक्षकाला साखळीचा आवाज इथं, आनंदाच्या सीनमध्ये शिकवून ठेवायचा.

दुसऱ्यांदा ती चुकीच्या जागी दिसते. नायक तालुक्याच्या गावाला गेलाय आणि तीच गाडी दुसऱ्याच्याच वाड्यासमोर उभी. कुणी काही बोलत नाही. तो शेजारी तिथंच चहाच्या गाड्यावर मान खाली घालून बसलाय एवढंच.

तिसऱ्यांदा गाडी दारासमोर येते, थांबते, कुणी उतरत नाही, निघून जाते. बास. हा सीन आम्ही एक मिनिट दहा सेकंदांचा ठेवला आणि एडिटिंगला बसलेला मित्र रोज भांडायचा की लांब झालाय, काप. मी कापला नाही. पहिली वीस सेकंदं प्रेक्षक वाट बघतो की आता दार उघडेल, मग चुळबूळ करतो, मग चाळीस सेकंदांनंतर त्याला इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागतो, म्हणजे आधीपासनं चालू असतो पण आता त्याला दुसरं काही ऐकायलाच उरत नाही. त्या पडद्यावर हललं काय तर बाहेर वाळत घातलेलं लुगडं आणि पिकअपचा थरथरणारा आरसा.

चौथ्यांदा फक्त आवाज. रात्र, लाइट गेलेली, घरात जेवण चाललंय, लांबून साखळी वाजते. घरातली सगळी घास हातात धरून थांबतात. आवाज लांब जातो. पोरगी विचारते, "गेली का?" एवढंच.

पाचव्यांदा गाडी रिकामी उभी आहे, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, आत कुणीच नाही. गाडीत माणूस असतो तेव्हा निदान तो कुठं आहे हे तरी माहीत असतं. रिकामी गाडी बघितल्यावर प्रेक्षक आपोआप फ्रेमचे कोपरे शोधायला लागतो.

ह्या पाचातल्या एकातही गाडी वीसच्या वर पळालेली नाही.

चौथं: ड्रायव्हर दाखवायचा का

शक्यतो नाही. १९७१ ला स्पीलबर्गनं टीव्हीसाठी केलेल्या 'ड्युएल'मध्ये अख्खी फिल्म एक गंजका ट्रक एका साध्या माणसाच्या मागं लागतो आणि ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, हात दिसतो, बूट दिसतात. ट्रकच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा टांगलेल्या आहेत, म्हणजे ह्यानं आधी किती जणांना गाठलं असेल ते तुमचं तुम्ही समजून घ्या, कुणी तोंडानं सांगत नाही. आपणही हात दाखवू शकतो, खिडकीबाहेर टेकलेला कोपर, तंबाखू मळणारा अंगठा, मनगटातला गंडा. आमचा ड्रायव्हर खिडकीतनं हात काढून दरवाज्यावर बोटानं सावकाश ताल धरायचा, एक दोन तीन, एक दोन तीन. ज्यानं केलं त्याला पूर्ण फिल्ममध्ये तेवढंच काम होतं आणि तेच लोकांच्या लक्षात राहिलं.

चेहरा लपवायला काळी फिल्म लावायची गरज नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातलीय आणि नियमाप्रमाणं पुढच्या-मागच्या काचेतनं किमान ७० टक्के, बाजूच्या काचेतनं किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. त्यापेक्षा ही साधी युक्ती करा: सीटच्या मागं आणि केबिनच्या छताला आतून काळं कापड लावा, ड्रायव्हरला गडद शर्ट घाला आणि पुढच्या काचेत आभाळाचं किंवा झाडाचं प्रतिबिंब पडेल अशा कोनात कॅमेरा ठेवा. लेन्सला पोलरायझर असेल तर काढून ठेवा, त्याचं कामच काचेवरची चमक घालवायचं, आणि आपल्याला इथं ती चमकच पाहिजे. आम्ही हा शॉट हरिपूर रस्त्याला चिंचेच्या झाडाखाली सकाळी घेतला. काचेवर फांद्या सरकतायत आणि फांद्यांच्या आड फक्त एक हनुवटी, तीही एक सेकंद.

पाचवं: कॅमेरा

कॅमेरा बॉनेटच्या खाली, साधारण बंपरच्या उंचीवर ठेवा. जाळी आणि दोन हेडलाइट मिळून गाडीला चेहरा येतो, त्या चेहऱ्याच्या नजरेला नजर द्यायची आणि आपण थोडं खाली असायचं. जमिनीला पार चिकटवू नका, मग गाडीच्या जाहिरातीसारखं दिसतं.

लेन्सचं एक लक्षात ठेवा. वाइड लेन्सवर लांबची गाडी बारीक दिसते आणि झपकन अंगावर येते, त्यात दचका आहे. झूम लेन्सवर, म्हणजे मोबाईलच्या ३ एक्स किंवा ५ एक्सवर, गाडी येत राहते येत राहते आणि पोचतच नाही, दुपारचं रस्त्यावरचं ऊन पाण्यासारखं हलत असतं आणि त्यात ती तरंगत येते. मला दुसरं जास्त आवडतं, दचका दोन सेकंदांत विरतो.

तांत्रिक दोन गोष्टी पटकन. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं रस्त्यावरच्या दिव्यांत शूट करताना २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर दिवे लुकलुकतात. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड पिवळा दिसणार की निळा ते ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, ४५०० केल्विनच्या आसपास लॉक करा, म्हणजे जुन्या हॅलोजन हेडलाइटचा पिवळेपणा टिकतो. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा तो पिवळा धुवून पांढरा करायला बघतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

सहावं: आवाज, इथं जीव ओता

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. नाटकात गाडी कधी स्टेजवर येत नाही, विंगेतनं हॉर्न वाजतो आणि नट नुसता मान वळवतो, आणि आपल्याला गाडी दिसते. एकांकिका केलेल्या कुणालाही विचारा. फिल्मवाल्यांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडं महागडी गाडी नसते, क्रेन नसते, पण आवाज सगळ्यांना परवडतो.

शूटिंग संपल्यावर एक आख्खी संध्याकाळ फक्त गाडीचा आवाज रेकॉर्ड करायला ठेवा. जागा शांत पाहिजे, आम्ही गावाबाहेरच्या बेदाणा शेडमध्ये केलं. मोबाईल चालतो, पण त्याच्यावर लोकरीचा मोजा घाला म्हणजे वाऱ्याची फरफर येत नाही. आणि हे सगळं वेगवेगळं घ्या: सेल्फ मारल्यावर न लागणारी गाडी, लागलेली गाडी, न्यूट्रलमध्ये उभी, रेस न देता, एकदा बाहेरनं, एकदा घराच्या आतनं बंद दाराआडून, हाफ क्लचवर सरकताना, हँडब्रेकची करकर, दरवाजा लागताना, आणि एकदा नीट न लागता परत लावताना, कच्च्या रस्त्यावर टायरखाली खडी, फाळक्याची साखळी मोठ्या खड्ड्यात आणि बारक्या खड्ड्यात. दाराआडचा आवाज खरोखर दाराआडनंच घ्या, एडिटिंगमध्ये दाबून तसा येत नाही.

आणि एक आवाज कुणीच घेत नाही तो सांगतो. गाडी लांबून आलेली असते, तापलेली असते, इंजिन बंद केलं की दोन-तीन मिनिटं बॉनेटखालनं आणि सायलेन्सरकडनं टिक… टिक… असा आवाज येतो, लोखंड थंड होऊन आक्रसतं त्याचा. मी शेडमध्ये मोबाईल पुढच्या चाकाजवळ धरून उकिडवा बसलो होतो, अंधार पडला होता, बॉनेटची धग तोंडावर येत होती, आणि ते टिकटिक आधी भराभर, मग सावकाश, मग एवढं लांबलं की आता संपलं म्हणेपर्यंत अजून एक. मला स्वतःला तिथनं उठावंसं वाटलं. आमच्या रिकाम्या गाडीच्या सीनला म्युझिक नाही, फक्त हे आहे. टिकटिक चालू म्हणजे माणूस नुकताच उतरलाय, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही.

मागं रातकिडे ठेवा, आणि गाडी जवळ येऊन थांबली की ते बंद करा. जमीन हादरली की खरंच गप्प होतात ते. इंजिन बंद झाल्यावर रातकिडे लगेच चालू करू नका, दहा सेकंद थांबा.

सातवं: गाडीपेक्षा माणसांना दिग्दर्शन द्या

गाडी बिचारी लोखंड आहे, भीती माणसांच्या अंगात दिसते. पण "घाबरल्यासारखं कर" म्हटलं की सगळे डोळे मोठे करतात आणि सीन मेला. प्रत्येकाला एक बारीक काम द्या. टपरीवाला रेडिओचा आवाज कमी करतो. म्हातारा कट्ट्यावरनं पाय वर घेतो. बाई अंगणातल्या पोराला काही न बोलता दंडाला धरून आत नेते आणि परत येऊन त्याची सायकल पण आत नेते. गाडीकडं कुणीच बघत नाही, हे महत्त्वाचं. गाव ज्याला घाबरतं त्याच्याकडं बघत नाही.

नंबरप्लेटसुद्धा इथंच येते. एमएच १० म्हणजे सांगली, ११ सातारा, ५० कऱ्हाड, ०९ कोल्हापूर, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. बाहेरचा नंबर म्हणजे अनोळखी माणूस, आपलाच नंबर म्हणजे त्याला घर माहीत आहे, मुलं कुठल्या शाळेत जातात माहीत आहे. गोष्टीला कुठलं पाहिजे ते विचार करून ठरवा.

आठवं: परवानगी आणि सुरक्षा, ह्यात हयगय नको

खोटी नंबरप्लेट लावून सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढू नका, गुन्हा आहे, आणि तुम्ही मनानं टाकलेला नंबर खरोखर कुणाचा तरी असू शकतो. खोटी प्लेट फक्त खासगी जागेत, शॉट झाला की काढा. गावात शूट असेल तर ग्रामपंचायत आणि पोलीस स्टेशन दोन्हीकडं लेखी अर्ज द्या, आणि शेजारपाजारच्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगा. आमच्या एका शूटला सांगायचं राहिलं, संध्याकाळी गाडी एका घरासमोर तासभर उभी, आणि त्या घरातल्या आजी खरंच घाबरल्या, कारण त्यांच्या घरी पूर्वी अशीच गाडी येऊन गेलेली. आम्ही सगळे त्यांच्यापुढं मान खाली घालून उभे होतो. ते मला आयुष्यभर पुरेल.

हायवेवर, घाटात, पुलावर चालत्या गाडीचं शूट करू नका. आयर्विन पुलावर रात्री शॉट घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, १९२९ चा पूल आहे, दिसतो सुंदर, पण तिथं रहदारी आहे. गाडी वीसच्या खाली चालवा, झूम लेन्सनं आणि एडिटिंगमध्ये थोडा स्पीड वाढवून काम भागतं. गाडीच्या पुढं माणूस असेल त्या शॉटला गाडी उभी ठेवा, इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकाला दगड, आणि कॅमेरा हलवा. "कट" म्हणायचा हक्क ड्रायव्हरला पण द्या.

शेवटचं: तपासून बघा

फिल्म जोडून झाली की दोन माणसांना दाखवा. एकाला आवाज बंद करून. त्याला विचारा गाडी कुणाची, आणि तिसऱ्या वेळी ती दिसल्यावर त्याचा हात कुठं होता ते तुम्ही बघा, मोबाईलकडं गेला असेल तर सीन परत कापा.

दुसऱ्याला चित्र न दाखवता नुसता आवाज ऐकवा. मी आमच्या मावशीला ऐकवला. तिला फिल्मची गोष्ट माहीत नव्हती, ती लसूण सोलत बसली होती. द्राक्षं भरायच्या सीनला म्हणाली, कुणाची गाडी रे, फाळका नीट लावा म्हणावं, पडंल पोरगी. पुढं ऐकत राहिली. चौथ्या वेळी, जेवणाच्या सीनला, लांबून साखळी वाजली आणि तिचे हात थांबले. आवाज लांब गेला तरी ती तशीच बसली होती, अर्धी पाकळी चिमटीत. मग म्हणाली, "ती गाडी आता त्यांची राहिली नाही ना?"

मी घरी जाऊन शेजाऱ्याच्या तोंडचा "माझी गाडी ओढून नेली" हा डायलॉग काढून टाकला.